ओसरीवरचं स्पॅनिश

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत 'लहान मुलांच्या डोक्यावर आणखी किती भाषा' या विषयावर बरंच लिहून आलं. एका वाचकांनी परदेशी भाषांच्या क्लासांना नावं ठेवली, तर एका पालकांनी त्यांची बाजू घेतली. दोघांचंही मला थोडं थोडं पटलं, पण एक गोष्ट दोघांकडूनही राहून गेली, म्हणून हे पत्र. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली २६ पहिली-दुसरीच्या वर्गावर. आता सांगलीत गावभागात राहते. गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या ओसरीवर गल्लीतली दहा-बारा मुलं जमतात आणि स्पॅनिश खेळतात. 'शिकतात' हा शब्द मी मुद्दाम टाळते, कारण मुलांना आपण शिकतोय हे अजून कळलेलं नाही आणि ते कळू नये अशी माझी धडपड असते.

स्पॅनिश माझ्या लेकीचं. ती पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही भाषा शिकली, मेक्सिकोत केरेतारो शहरात दोन वर्षं नोकरी करून आली आणि आता सांगलीत घरी बसूनच भाषांतराची कामं करते. माझं स्पॅनिश मुलांच्या बरोबरीनं झालेलं, त्यांच्याइतकंच. भाषा तिची आणि लहान मुलांचा सराव माझा, असं आमचं काम चालतं.

पत्र लिहावं असं वाटलं ते एका वहीमुळे. ओळखीतल्या एका पालकांनी त्यांच्या पहिलीतल्या मुलाला एका क्लासला घातलं होतं. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण असे क्लास सगळीकडेच निघाले आहेत आणि चालवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. आईनं मला वही दाखवली. पानाच्या डाव्या बाजूला 'हाब्लो, हाब्लास, हाब्ला' अशी 'बोलणे' या क्रियापदाची रूपं आणि पुढं प्रत्येक रूप दहा-दहा वेळा लिहिलेलं. मुलाचं वय सहा. चौथ्या ओळीपासून अक्षर उतरत गेलेलं, शेवटच्या ओळी पेन्सिल दाबून दाबून लिहिल्यामुळं पाठीमागच्या पानावर उमटलेल्या. क्लासच्या दिवशी त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. 'बोलणे' हे क्रियापद त्यानं दीडशे वेळा लिहिलं, आणि बोलला एकदाही नाही.

लहान मुलाच्या अंगी भाषा कशी लागते हे मला एका मुलानं फार पूर्वी दाखवलं. खानापूर तालुक्यातल्या एका गावात माझी बदली होती. विटा-खानापूरकडची किती घरं गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सोनं-चांदी गाळण्याचं दुकान कुठं तमिळनाडूत, कुठं केरळात, कुठं बंगालमध्ये, आणि गावाकडं आजी-आजोबा. असा एक मुलगा डिसेंबरअखेर कोइमतूरहून माझ्या दुसरीच्या वर्गात आला. घरात मराठी ऐकलेली, पण शाळा सगळी तमिळमध्ये झालेली. तो बोलेना. पाटीकडं बघायचा, खिडकीकडं बघायचा, मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभा राहायचा. मीही त्याला बोलतं करायचा नाद सोडून दिला होता.

संक्रांतीला मी वर्गात तिळगूळ वाटला आणि कुणीतरी त्याला विचारलं, 'तुमच्याकडं असतंय का रं असलं काय?' तो उठला. टेबलावरचं पाण्याचं भांडं घेतलं, त्यावर हात धरला आणि हळूहळू बोटं वर नेत दूध उतू कसं येतं ते दाखवायला लागला. उतू आलं त्या क्षणी दोन्ही हात वर करून ओरडला, 'पोंगलो पोंगल!' अख्खा वर्ग उठून ओरडला. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत त्या घोषणेशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. मग पोरांनी त्याला गराडा घालून एकेक विचारून घेतलं. दूध म्हणजे 'पाल', तांदूळ 'अरिसी', गूळ 'वेल्लम', ऊस 'करुंबु'. आमच्या भागात ऊस काय नवा? पण 'करुंबु' हा शब्द पोरांनी जो धरला तो धरलाच. फडाकडं निघाली की 'करुंबु, करुंबु' करत जायची. आणि तो मुलगा त्या आठवड्यात मराठी बोलायला लागला, कारण सांगण्यासारखं त्याच्याकडं काहीतरी होतं आणि ऐकायला चाळीस मुलं होती.

सणातून भाषा एवढी का लागते? माझा अनुभव सांगते. सणात वस्तू हातात असते. तोच शब्द दहा जणांच्या तोंडून दहा वेळा येतो आणि कुणाला कंटाळा येत नाही. खाणं असतं, वास असतो, वाट बघणं असतं. आणि वर्षानं तोच सण परत येतो, तेव्हा मागच्या वर्षी अर्धवट राहिलेला शब्द मूल आपसूक पुरा करतं. पाठ्यपुस्तकाला ही सोय नाही. धडा एकदा झाला की झाला.

लेक मेक्सिकोहून एक पत्त्यांचा डाव घेऊन आली होती, 'लोतेरीया' नावाचा. भिशीत आपण तंबोला खेळतो त्याच जातीचा खेळ, पण आकड्यांच्या जागी चित्रं. ५४ पत्ते, आणि प्रत्येक खेळणाऱ्यापुढं चार बाय चार, सोळा घरांचा तक्ता. एकानं पत्ता काढून नाव पुकारायचं, ज्याच्या तक्त्यावर ते चित्र असेल त्यानं वर घेवड्याचा दाणा ठेवायचा. तिकडंही दाणेच ठेवतात. तिकडं सगळ्यांच्या ओळखीचा जो डाव आहे तो १८८७ पासून छापला जातो. कोंबडा, चंद्र, घंटा, तारा, ढोल, बेडूक, कलिंगड अशी चित्रं. त्यातला दारुड्या आणि माणसाच्या रंगावरून किंवा जमातीवरून काढलेली एक-दोन चित्रं आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढली. ती मुलांपुढं ठेवण्यासारखी नाहीत.

पहिल्या रविवारी 'ला लूना' म्हणून चंद्राचा पत्ता निघाला. स्पॅनिशमध्ये नामाला लिंग दोनच, पुल्लिंगी नामाआधी 'एल' आणि स्त्रीलिंगी नामाआधी 'ला'. तीन लिंगं सांभाळणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावंच लागत नाही, पण ती भांडतात मात्र. 'चांदोबा पोरगी कसा काय ओ?' हा प्रश्न दुसरीतल्या एकानं विचारला आणि पाच मिनिटं खेळ थांबला. लेकीनं व्याकरण सांगितलं नाही. 'त्यांच्याकडं ती चांदोबी आहे,' एवढंच म्हणाली. पुढच्या रविवारी त्याच मुलानं घरून एक चित्र काढून आणलं. गोल चंद्र, त्याला नाकात नथ. आजतागायत ओसरीवर कुणी 'एल लूना' म्हटलेलं नाही.

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या घरातला एक मुलगा आजोळी आला की ओसरीवर येतो. 'एल बान्दोलोन' म्हणून एका तंतुवाद्याचा पत्ता आहे. त्यानं तो पत्ता उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, 'याला भोपळा न्हाई.' त्या दिवशी ओसरीवर भोपळा कसा वाळवतात, कसा कापतात, तारा कशा ओढतात हे तो सांगत राहिला आणि बाकीचे ऐकत राहिले. स्पॅनिश त्या दिवशी दोनच शब्द झाले. मला ते चाललं.

उच्चारांचं तर आपल्या मुलांना जवळजवळ फुकटातच मिळतं. स्पॅनिशमध्ये स्वर पाच, अ ए इ ओ उ, आणि जसं लिहिलं तसं वाचायचं. त त्यांचा आपल्या 'त'सारखा, द आपल्या 'द'सारखा. 'तोमाते' म्हणजे टोमॅटो. आपण मोठी माणसं तेच अक्षर इंग्रजीतून बघतो म्हणून 'टोमाटे' म्हणतो, मुलांना देवनागरीत लिहून दिलं की ती बरोबर म्हणतात. आपल्या मुळाक्षरांतला 'ञ', जो आपण पहिलीत गिरवून घेतो आणि मग कुठं फारसा भेटतच नाही, तो स्पॅनिशमध्ये रोज लागतो. रेफ असलेला जाड 'र' तर आपल्या पोरांच्या जिभेवर बसलेलाच. 'पेरो' म्हणजे 'पण', 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, आणि आपल्या झाडाचा पेरू तो तिसराच. 'एल गातो' म्हणजे मांजर हे कळल्यावर 'मांजर गातो' म्हणून जो हशा झाला तो शब्द विसरणं आता कुणाला शक्य नाही. बटाटा, बादली, पगार हे शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांकडून आले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, म्हणून स्पॅनिशमध्येही 'पाताता', 'बाल्दे', 'पागार' भेटतात. पगार मिळणे नव्हे, पैसे देणे, एवढाच फरक. अंक मोजताना मुलांनीच पकडलं की दोन आणि 'दोस', सात आणि 'सिएते', नऊ आणि 'नुएवे' यांचं काहीतरी नातं आहे. आहेच, या भाषा दूरच्या का होईना, एकाच कुळातल्या आहेत.

आता सणांकडं येते. आमच्या ओसरीवरचा सगळ्यांत लाडका सण ३१ डिसेंबरचा. स्पेनमध्ये त्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातलं घड्याळ तीन-तीन सेकंदांनी बारा टोले देतं, दर टोल्याला एक द्राक्ष. १९०९ साली अलिकान्तेकडच्या बागायतदारांना अमाप पीक आलं तेव्हा ही चाल देशभर पसरली असं तिकडं सांगतात, माद्रिदमध्ये ती त्याच्याही आधी होती. द्राक्षाच्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी अंक शिकवायला याहून चांगली गोष्ट मी कुठून आणू?

आम्ही तो खेळ संध्याकाळी सहाला खेळतो. लेक स्टीलच्या ताटावर उलथन्यानं टोला देते आणि मुलं एका सुरात, 'ऊनो... दोस... त्रेस...' बारापर्यंत, 'दोसे'पर्यंत. त्या वेळी आगाप बागांची द्राक्षं निघालेली असतात, जराशी आंबट. एक गोष्ट इथं ठळक सांगते, कुणी घरी खेळणार असेल तर लक्षात ठेवावी: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष खायला देऊ नये, घशात अडकतं. आम्ही लहानांसाठी द्राक्षं उभी चिरून चार फाका करतो आणि त्यांच्यासाठी टोले सावकाश देतो. मोठ्यांनीही टोल्याशी शर्यत लावायची नाही, आधी चावून गिळायचं आणि मग पुढचा आकडा.

गेल्या वर्षी एका मुलाचा सावळजचा मामा द्राक्षांची पाटी घेऊन आला आणि पायरीवर बसला. लेक मुलांना सांगत होती की अलिकान्तेजवळ विनालोपो खोऱ्यात ही नववर्षाची द्राक्षं वेलीवरच कागदी पिशवीत बांधून ठेवतात. मामा मध्येच म्हणाला, 'कागद कवा बांधत्यात ते इचारा की.' जून-जुलैत बांधतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तोडणीलाच काढतात, असं कळल्यावर तो विचारात पडला. आमच्याकडं थंडीनं मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात, त्यांच्याकडं पाच-पाच महिने पिशवी. 'मग पावसाचं काय, बुरशीचं काय?' असं तो आणि लेक अर्धा तास बोलत होते. पिशवीला 'बोल्सा' म्हणतात हे त्या बोलण्यातून सगळ्या मुलांनी उचललं. मामानंही उचललं.

झेंडूची गोष्ट मला अजून गलबलून टाकते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आपलं दसऱ्याचं तोरण ज्या फुलाशिवाय होत नाही ते फूल तिथून समुद्र ओलांडून आलं. तिकडं त्याचं नाव 'सेंपासूचिल', आणि १ व २ नोव्हेंबरला ते गेलेल्या माणसांसाठी मांडतात. 'दिया दे मुएर्तोस', मृतांचा दिवस. घरातल्या गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, पाणी, मीठ, मेणबत्त्या, आणि दारापासून तिथपर्यंत पाकळ्यांची पायवाट, की त्यांना घर सापडावं. युनेस्कोच्या वारशाच्या यादीत हा सण २००८ पासून आहे. पहिल्या वर्षी दोन पालकांनी हरकत घेतली. एक म्हणाले, भुताखेतांचं कशाला. दुसरे म्हणाले, दुसऱ्यांचे सण आपल्या घरात कशाला.

मी त्यांना म्हटलं, तुम्हीच येऊन बसा. आलेही. मुलांनी पाटावर पाकळ्या मांडल्या, आपापल्या पणजोबा-आजींचे फोटो आणले. तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या आज्जी, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत आल्या आणि त्यांनी यजमानांचा चष्मा आणि चंची आणून पाटावर ठेवली. म्हणाल्या, 'आमच्यात पितृपंधरवड्यात पान ठेवून कावळ्याची वाट बघत्यात. ह्यांच्यात फुलांची वाट करत्यात. येगळं काय हाय?' हरकत घेणारे गृहस्थ काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलानं त्यांच्या आईचा फोटो आणला.

दुसऱ्यांच्या सणाची पूजा आम्ही करत नाही आणि कुणाला करायला लावत नाही. त्यांच्याकडं काय करतात ते खेळून बघतो. आणि हे एका बाजूनं चालत नाही. पहिल्याच वर्षी एका मुलीनं विचारलं, 'मग आपला बेंदूर त्यांना कोण सांगणार?' मग मुलांनी बेंदराचं एक चित्रपुस्तक करायला घेतलं, लेकीच्या केरेतारोतल्या मैत्रिणीच्या मुलांना पाठवायला. बैलाला स्पॅनिशमध्ये 'बुएइ' म्हणतात हे पहिल्या मिनिटात झालं, आणि तिथंच गाडी अडली. बैलाच्या अंगावर काय काय असतं हे मुलांना मराठीतच माहीत नव्हतं. खांदमळणी म्हणजे काय, शिंगांना लावतात तो हिंगूळ, शिंगांच्या टोकाच्या शेंब्या, वेसण, कंडा, झूल. शहरातली मुलं, गोठा बघितलेला नाही. दोन रविवार आम्ही फक्त मराठी शब्द गोळा केले. एकाला त्याच्या आजोबांनी माळ्यावरून जुनी घुंगुरमाळ काढून दिली. जी मुलं एरवी घरी 'काऊ' आणि 'बुल' म्हणतात, ती मेक्सिकोतल्या मुलांना सांगायचं म्हणून 'शेंबी' शब्द शिकली. परकी भाषा आली की मराठी मागं पडते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन रविवार बघायला हवे होते.

पुस्तकांचं सांगायलाच हवं. स्पॅनिशमधली लहान मुलांची चित्रपुस्तकं आपल्याकडं सहज मिळत नाहीत आणि मागवली तर परवडत नाहीत. म्हणून आम्ही ती घरीच करतो. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांची पाठ आणि लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, दोऱ्यानं टाचलेले. एका महिन्याला एक पान, पानावर इकडचा एक सण आणि तिकडचा एक, आणि खाली एकच वाक्य. 'एन एनेरो कोमेमोस तिळगूळ.' म्हणजे जानेवारीत आपण तिळगूळ खातो. दर पानावर वाक्य तेच, महिना बदलतो आणि खाऊ बदलतो. सप्टेंबरात मोदक, नोव्हेंबरात त्यांचा 'पान दे मुएर्तो' नावाचा गोड पाव. दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून मूल पान उलटायच्या आधीच वाक्य म्हणतं. बारा पानांत 'कोमेमोस' बारा वेळा येतं आणि कुणाचं पोट दुखत नाही. परवा माझी नात ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, 'आबुएला, यो कोमो भाकरी.' आजी, मी भाकरी खाते. 'कोमेमोस'वरून 'कोमो' तिला कुणी शिकवलं नव्हतं. लेकीच्या तोंडी कधीतरी ऐकलं असणार, आणि वेळ आली तेव्हा बरोबर काढलं. ती क्रियापदांची वही बघितली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं हे होतं.

आणखी एका मुलीबद्दल लिहिते. ती जूनपासून यायला लागली. सहा महिने एक शब्द बोलली नाही. लोतेरीयात दाणा मात्र बरोबर घरात ठेवायची, म्हणजे कळत सगळं होतं. तिची आई मला दर आठवड्याला विचारायची, 'बाई, हिला काही येतंय का?' मी म्हणायचे, ऐकू द्या तिला, तोंड उघडायला लावू नका.

डिसेंबरात मेक्सिकोत १६ ते २४ तारखेपर्यंत 'पोसादास' हा नाताळाआधीचा उत्सव चालतो आणि त्यात 'पिञाता' फोडतात. खाऊ भरलेलं, रंगीत कागदांनी मढवलेलं मडकं टांगायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि काठीनं फोडायचं. जुन्या पद्धतीच्या पिञातात खरोखरच मातीचं मडकं असतं आणि त्याला सात टोकं, ख्रिस्ती लोक मानतात त्या सात पापांची. आमच्या गोपाळकाल्याची ही चुलतबहीणच. फरक एवढाच की पिञातासाठी थर लावत नाहीत, फोडणाऱ्याला दिसत नाही आणि बाकीच्यांनी ओरडून दिशा सांगायची. 'देरेचा' उजवीकडं, 'इस्क्येर्दा' डावीकडं, 'आर्रीबा' वर, 'आबाहो' खाली. आम्ही मातीऐवजी फुग्यावर कागदाचे थर चिकटवून केलं होतं, फुटल्यावर खापरी डोक्यात पडू नये म्हणून. एक मुलगा काठी घेऊन सारखा उजवीकडंच चालला होता, खांबाकडं. सगळे गोंधळ करत होते. त्या गोंधळातून एक बारीक, कडक आवाज आला, 'इस्क्येर्दा! इस्क्येर्दा!' चौघांतला सगळ्यांत अवघड शब्द. तो त्या मुलीचा आवाज होता. तिची आई चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती, ती खालीच बसली.

जानेवारीत ५ तारखेच्या रात्री बाळ येशूच्या भेटीला गेलेले तीन राजे उंटावरून भेटवस्तू घेऊन येतात म्हणून स्पेनमधली मुलं चपला-बूट बाहेर ठेवतात आणि उंटांसाठी गवत-पाणी. आमची मुलं उसाचं वाढं आणून ठेवतात, त्या दिवसांत गळीत चालू असतं. सकाळी वाढं गल्लीतल्या म्हशीनं खाल्लेलं असतं. यावर अधिक काही लिहीत नाही.

गेल्या वर्षी राज्यात पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. पहिलीच्या मुलावर विषय म्हणून तिसरी भाषा नको, या मताची मी तेव्हाही होते आणि आजही आहे. आधी मराठी पक्की व्हावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही स्पॅनिशसारख्या परदेशी भाषा माध्यमिक टप्प्यावर सांगितल्या आहेत, पहिलीत नाहीत. पण त्या सगळ्या वादात कोणती भाषा यावर जेवढं बोललं गेलं त्याचा शंभरावा भागही कशी शिकवायची यावर बोललं गेलं नाही, आणि मुलाला तर 'कशी' यानंच फरक पडतो. आपल्याच जिल्ह्यात जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. तिथली मुलं घरी एक, बाजारात एक अशा दोन-दोन भाषा बोलतात. त्यांच्या डोक्यावर ओझं झालेलं मी तरी बघितलं नाही.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला स्पॅनिश, जपानी, तमिळ, कन्नड, काहीही कानावर घालायचं असेल तर जरूर घाला. पण सहाव्या-सातव्या वर्षी प्रमाणपत्र विचारू नका. मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, 'परीक्षा असते का, सर्टिफिकेट मिळतं का, पुढं नोकरीला उपयोग होतो का?' स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, उपयोग होईलच, पण तो हिशोब अकरावी-बारावीतल्या मुलानं करावा. लहानाला आठवड्यात एकदा वीस-पंचवीस मिनिटं, हातात वस्तू, तोंडात खाऊ, आणि 'याचं मराठीत काय, त्याचं स्पॅनिशमध्ये काय' अशी उलटतपासणी नको. भाषा येणारं माणूस घरात नसलं तरी शेजारी चौकशी करा. विट्याकडच्या गलाईवाल्यांच्या घरी तमिळ, मल्याळम, बंगाली बोलणारी माणसं मे महिन्यात आणि दिवाळीत येतात. त्यांना ओसरीवर बोलवा आणि तिकडं कोणता सण कसा करतात ते मुलांपुढं सांगायला सांगा.

क्लास चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की ती वही बंद करा. आठवीपर्यंत तरी.

आणि आपल्याकडं एक मागणं. रविवारच्या पुरवणीत मुलांचं पान असतं. दर सणाच्या आधीच्या रविवारी त्यात सोळा घरांचा एक तक्ता छापाल का? कात्रीनं कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल असा. प्रत्येक घरात एक चित्र, खाली मराठी नाव आणि त्याच्या खाली देवनागरीतच स्पॅनिश नाव. पुढच्या वेळी स्पॅनिशच्या जागी कन्नड द्या, तमिळ द्या. चित्रं आमची मुलं फुकट काढून देतील, शब्द लेक तपासून देईल. नमुन्यादाखल दसऱ्याचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यात पहिल्या ओळीत झेंडू आहे, तिसऱ्या ओळीत आपट्याचं पान आहे. त्याला स्पॅनिश शब्द सापडला नाही म्हणून मुलांनी 'ओरो', म्हणजे सोनं, असं लिहिलं आहे, ते कृपया दुरुस्त करू नये. चंद्राला नथ आहे, तीही तशीच राहू द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
गावभाग, सांगली